आठ गुणांचा भाव

"सर, यात एक्स्प्रेशन कुठं घालू?"

पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या संगीतखोलीत, बारा वर्षांच्या एका मुलीने हा प्रश्न मला विचारला त्याला आता बरीच वर्षे झाली. बाहेर पाऊस होता. पाचगणीत जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाहेर पाऊसच असतो, त्यामुळे त्यावरून महिना सांगता येत नाही. संगीतखोलीतल्या कपाटात वाद्यांना दमट हवा लागू नये म्हणून दिवसरात्र एक बल्ब जळत असे आणि त्या कपाटातून काढलेली गिटार हातात घेतली की पाठीमागून किंचित कोमट लागे.

मी तिथे मराठीचा शिक्षक होतो. गिटारचे वर्ग घेणारे गोव्याचे सर नोकरी सोडून गेले आणि नवे शिक्षक मिळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे, तो वर्ग माझ्याकडे आला. कारण इतकेच, की चाळिशी उलटल्यावर हौसेने मी त्यांच्याकडे शिकू लागलो होतो आणि मला पानावरची स्वरलिपी वाचता येत होती. एवढ्या भांडवलावर मी मुलांना परीक्षेला बसवत होतो. त्या काळात माझ्या हातून जे झाले, त्याचा विचार करता करता हा लेख तयार झाला आहे. तेव्हा वाचकांनी याला संगीतज्ञाचे विवेचन समजू नये. 'तंत्र' आणि 'भाव' हे दोन शब्द मराठी समीक्षेत आपण फार सहज एकमेकांसमोर उभे करतो. ते खरोखर समोरासमोर आहेत का, हे एका परक्या वाद्याच्या आधाराने तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

त्या प्रश्नातले क्रियापद पाहा. 'घालू'. आमटीत मीठ घालावे तसे. आमटी तयार आहे, शिजली आहे, आता वरून चवीपुरते काय ते टाकायचे. मी मराठीचा मास्तर, पण त्या दिवशी मला हे क्रियापद खटकले नाही. मी उत्तर दिले.

ती वाजवत होती ती रचना फ्रान्सिस्को तारेगा यांची 'लाग्रिमा'. तारेगा (१८५२–१९०९) हे स्पेनचे वादक आणि रचनाकार. आज जगभर जी शास्त्रीय गिटार शिकवली जाते तिचा वंश पुष्कळसा त्यांच्यापासून सांगतात. 'लाग्रिमा' म्हणजे अश्रू. रचना एका पानाची, दोन भागांची: पहिला भाग शुद्ध गंधाराचा, दुसरा कोमल गंधाराचा, मग पुन्हा पहिला. बोटांना फार अवघड नाही, म्हणून मुलांना लवकर दिली जाते. मी तिला म्हणालो, "अगं, नावातच अश्रू आहे. घरची आठवण काढ आणि वाजव."

वसतिगृहात राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीला हे सांगणे म्हणजे काय, हे मला कळायला हवे होते. तिने घरची आठवण काढली. डोळे भरून आले. आणि वाजवणे आधीपेक्षा वाईट झाले: लय ओढली गेली, मधल्या तारा जोरात लागल्या, एक स्वर चुकला. ती खरोखर रडत होती आणि गिटारमधून त्यातले काहीही बाहेर येत नव्हते.

परीक्षा लंडनहून चालणाऱ्या एका मंडळाची. तिथे प्रत्येक रचनेला बावीस गुण असतात आणि ते तीन चौकटींत विभागलेले असतात: स्वर बिनचूक आणि न अडखळता वाजवण्याला सात, वाद्यावरच्या हुकमतीला सात, आणि श्रोत्यापर्यंत काही पोचवण्याला, अर्थ लावण्याला आठ. तिचा कागद आला: सात, सहा, तीन. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. गुण कमी पडल्याचे तिला दुःख नव्हते, उत्तीर्ण तर झालीच होती. तिने विचारले, "सर, म्हणजे मला फीलिंग्ज नाहीत का?"

पुढच्या वर्षी तिने गिटार घेतली नाही.

परीक्षकाला मी दोष देत नाही. त्याने जे ऐकले त्याला तीन हे गुण योग्यच होते, मी असतो तर कदाचित अडीच दिले असते. तक्रार त्या चौकटीबद्दल आहे. किंवा चौकटीबद्दलही नाही, कारण परीक्षा कोणत्याही देशाची असो, कागदावर रकाने हे लागतातच. ज्या सातारा-सांगली पट्ट्यात आम्ही राहतो तिथेच, मिरजेत, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत त्याच्या परीक्षांना बसलेली माणसे महाराष्ट्रात घरटी एक सापडेल. संगीताला इयत्ता लावण्यात आपण कोणाला मागे नाही. माझे म्हणणे असे, की रकाना हा परीक्षकाच्या सोयीसाठी असतो, पण शिकवणारा आणि शिकणारा त्याला वस्तुस्थिती समजू लागतात. आधी चौदा गुणांची गिटार वाजवायची, मग तिच्यात आठ गुणांचा भाव घालायचा.

आता थोडे वाद्याविषयी. इथे गिटार म्हणताना सिनेमातली किंवा सहलीतली गिटार डोळ्यांसमोर आणू नये. शास्त्रीय गिटारच्या खालच्या तीन तारा नायलॉनच्या असतात, वरच्या तीन धाग्यांवर धातूचा वेढा दिलेल्या. पूर्वी त्या जागी आतड्याची तात असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातीचा तुटवडा झाला आणि त्यातून १९४० नंतरच्या दशकात नायलॉन आले. नखी वापरत नाहीत, उजव्या हाताची चार बोटे थेट तारेला लागतात. आणि या वाद्याची सर्वांत मोठी अडचण अशी, की त्याचा स्वर मरतो. छेडल्याक्षणी तो सर्वांत मोठा असतो आणि त्यानंतर वादकाने काहीही केले तरी तो उतरतच जातो. गवई स्वर लावून तो फुलवू शकतो, व्हायोलिनवाला गज ओढत राहू शकतो, बासरीवाला फुंकर वाढवू शकतो. गिटारवाल्याच्या हातात छेडण्याचा तो एकच क्षण. पुढे डाव्या हाताच्या बोटाने तार दाबून, किंचित पुढेमागे हलवून तो स्वर थरथरवता येतो, बस.

वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' या १९६१ सालच्या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. या मांडणीवर पुढे आक्षेप पुष्कळ आले, काही मला पटतातही. पण वाद्यांकडे पाहायला ती पट्टी अजून कामाची आहे. गिटार त्या पट्टीवर लयीच्या टोकाला पडते, कारण टिकणारा स्वर तिच्याजवळ नाही. आणि गंमत अशी, की गिटारचे बहुतेक सगळे वाङ्मय स्वराच्या टोकाकडे धाव घेताना दिसते. तारेगांचीच 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा' ही सर्वांत प्रसिद्ध रचना घ्या. अंगठा खालून एक स्वर वाजवतो आणि मग तीन बोटे एकामागून एक तीच तार छेडतात, इतक्या वेगाने की ऐकणाऱ्याला एक अखंड ताणलेला स्वर ऐकू आल्यासारखे वाटते. तो अखंड नसतो. मरणारे स्वर एकापाठोपाठ एक असे उभे केलेले असतात, की एक मरण्याआधी दुसरा जन्मतो. या सगळ्या आभासाला तंत्र म्हणायचे की भाव? तीन बोटांपैकी एकाचे वजन थोडे जास्त झाले की घोड्याच्या टापांसारखे ऐकू येते आणि आभास संपतो. म्हणजे भाव त्या बोटांच्या सारखेपणातच राहतो. काढून बाजूला ठेवता येत नाही.

आपल्याकडच्या काहींनी ही अडचण वाद्यच बदलून सोडवली. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी मांडीवर घेतली, पडदे निरुपयोगी केले आणि तारेवरून धातूचा दांडा सरकवून मींड मिळवली. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत ती मराठी घराघरांत पोचली. ती वाट मोठीच आहे. पण ती वाट म्हणजे गिटारला वीणा करणे आहे. पडदे असलेली, उभी धरलेली, मींड नसलेली गिटार भाव कसा व्यक्त करते, हा प्रश्न त्याने सुटत नाही, बाजूला राहतो.

या प्रश्नावर युरोपात शंभर-सव्वाशे वर्षे भांडण झाले आणि ते नखांवरून झाले. हे वाचून मी प्रथम हसलो होतो. फर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि दिओनिसिओ आग्वादो (१७८४–१८४९) हे दोघे स्पॅनिश वादक पॅरिसमध्ये एकमेकांचे स्नेही. सोर बोटाच्या नुसत्या गराने वाजवीत, आग्वादो नखाने. सोरनी १८३० साली गिटारची पद्धती सांगणारे पुस्तक काढले, त्यात नखाने वाजवणाऱ्यांविषयीची नापसंती त्यांनी लपवली नाही, अपवाद फक्त आपल्या मित्राचा केला. पुढे दोघांनी मिळून वाजवण्यासाठी एक रचना लिहिली, तिचे नावच 'दोन मित्र'. नखाने आवाज मोठा, धारदार, लांब पोचणारा. गराने गोल, ऊबदार, पण दालनाच्या शेवटच्या रांगेत हरवणारा. तारेगांनी उतारवयात नखे कापली. त्यांच्या शिष्यांत यावरून दोन तट पडले. एमिलिओ पुजोल यांनी नखाविरुद्ध गर या एकाच विषयावर पुस्तिका लिहिली. आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांनी मोठमोठी सभागृहे भरवायची होती म्हणून नख आणि गर दोन्ही एका फटक्यात लागतील असा कोन निवडला, आणि आज बहुतेक सर्व जण तोच निवडतात.

बाहेरून पाहणाऱ्याला ही मॅनिक्युअरची चर्चा वाटेल. पण ही माणसे नखांविषयी भांडत नव्हती. कोणता आवाज खरा, कोणता आवाज माणसाच्या जवळचा, यावर ती भांडत होती. सोरना नखाच्या आवाजात माणूस ऐकू येत नव्हता. याहून भावाविषयीचे भांडण कोणते असणार? पण ते त्यांनी भावाच्या भाषेत केले नाही. दोन मिलिमीटर नखाच्या भाषेत केले, कारण गिटारवर ती गोष्ट तिथेच ठरते. (पाचगणीच्या पावसात नखे मऊ पडतात, हा आणखी एक स्थानिक मुद्दा. आमचे गोव्याचे सर ऑगस्टमध्ये 'माझा आवाज रजेवर गेलाय' म्हणत.)

तेच तार सोडण्याच्या दिशेचे. तार वाद्याच्या तबकडीकडे आत दाबून सोडली, की ती तबकडीला सरळ ढकलते. आवाज मोठा आणि भरीव निघतो, पण लवकर संपतो. तबकडीला समांतर ओढून सोडली तर आवाज पातळ निघतो, पण जास्त वेळ रेंगाळतो. हे कुणाच्या स्वभावाचे वर्णन नाही, लाकडाला तारेची शक्ती किती वेगाने मिळते याचा हिशेब आहे. पण वादकाला प्रत्येक स्वराला हा निर्णय घ्यावा लागतो: हा स्वर ठसठशीत हवा आणि लवकर संपला तरी चालेल, की हळवा हवा आणि मागे राहायला हवा? मग जागेचा प्रश्न. तोच पहिल्या मोकळ्या तारेचा स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे, तिसरीच्या नवव्यावर आहे, चौथीच्या चौदाव्यावरही आहे. उंची एकच. पण मोकळ्या तारेवर तो स्वच्छ आणि थोडा कोरडा, तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्याशी जाडसर, गळा दाटल्यासारखा. मी मुलांना मराठीच्या तासाला सांगत असे, की डोळा, नेत्र, नयन आणि लोचन यांचा अर्थ एक आहे पण नेत्रात कुसळ जात नाही. गिटारवर हाच प्रकार. स्वरलिपीत 'नेत्र' लिहिलेला नसतो, फक्त 'पाहण्याचे इंद्रिय' एवढेच लिहिलेले असते. शब्द बोटांनी निवडायचा.

हे सगळे मला त्या मुलीच्या वेळी पुस्तकातून ठाऊक होते. तरीही मी तिला घरची आठवण काढायला सांगितले, कारण ते सोपे होते.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. शाळेच्या प्रार्थनेचा तंबोरा बसका वाजू लागला म्हणून तो मिरजेला न्यायचे ठरले, आणि मराठीच्या मास्तरावाचून तंबोरा कोण नेणार? पसरणीचा घाट उतरून वाई, सातारा, कऱ्हाड, सांगली करीत मी तंबोरा मांडीवर आडवा धरून मिरजेला पोचलो. मिरजेची ख्याती वाचकांना सांगायला नको. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांपैकी काही एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले अशी तिथली परंपरा आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पलुस्कर शिकले ते इथे, अब्दुल करीम खाँ राहिले ते इथे, आणि दर्ग्याच्या आवारात त्यांची कबरही इथेच. स्वराच्या टोकाचे घराणे जिथे नांदले त्याच गल्ल्यांत स्वर टिकवणारी वाद्ये घडली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो, पण तो विषय वेगळा.

कारागीर वयस्कर होते. त्यांनी तंबोरा हातात घेतला, चारी तारा एकदा छेडल्या, आणि "बंद झालीय" एवढेच म्हणाले. जवारी बंद झाली होती. घोडीचा माथा तंबोऱ्याला रुंद आणि किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या घासण्यातून जो भुंग्यासारखा लांब, अनेक स्वरांनी भरलेला आवाज निघतो ती जवारी. वापराने माथ्यावर तारांच्या खाचा पडतात आणि आवाज मिटतो. त्यांनी तारा सैल करून घोडी बाहेर काढली, कानशीने एकदोनदा फिरवली, परत बसवली, तारा चढवल्या, ऐकले, पुन्हा काढली. हे किती वेळा झाले ते मी मोजायचे सोडून दिले. तासाभराने माझ्यातला शिक्षक न राहवून बोलला, "चाचा, झाली ना?" ते म्हणाले, "पंचम अजून पुढं येतोय सर. तो मागं गेला पाहिजे. बाकीच्यांना जागा द्यायला पाहिजे त्यानं." मग तारेखाली दोरा सरकवला, केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी तंबोरा उघडला. दुकानात बसलेल्या, दुसरेच काही बोलत असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही वळून पाहिले.

माझ्याबरोबर शाळेची एक गिटारही होती, तिची एक तार खरखरत होती. त्यांनी ती हसत बाजूला ठेवली. गिटारच्या घोडीचा माथा पातळ, धारेसारखा. तार तिथे स्वच्छ तुटली पाहिजे, जरा कुठे घासली की गिटारवाला तिला बिघाड म्हणतो. जे एका वाद्यात बिघाड तेच दुसऱ्यात प्राण. ते खरखर काढण्याचे काम त्यांच्या मुलाने दहा मिनिटांत केले.

मी परतीच्या एसटीत बसलो तेव्हा डोक्यात ते एकच वाक्य होते: पंचम मागे गेला पाहिजे. आणि कऱ्हाडच्या आसपास कुठेतरी मला 'लाग्रिमा' ऐकू आली.

ज्यांना स्वरलिपी येत नाही त्यांच्यासाठी सरगमीत सांगतो. रचनेचा आधारस्वर सा मानला, तर पहिल्या मात्रांत वर चाल आहे ग, म, प. खाली अंगठ्याच्या तारेवर तिच्याच सोबतीने चढते सा, रे, ग. आणि दोहोंच्या मध्ये, प्रत्येक पायरीनंतर, मोकळ्या दुसऱ्या तारेवर एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो: पंचम. न बदलणारा, न दाबलेला, मोकळा पंचम. तो तंबोऱ्याचा पंचम आहे. तारेगांना तंबोरा ठाऊक असण्याचे काही कारण नाही, मी तसे सुचवतही नाही. पण त्या स्वराचे काम तेच आहे: मागे राहून बाकीच्यांना जागा देणे.

आणि तो मोकळ्या तारेवर असल्यामुळे पुढे येतो. मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा नेहमीच अधिक ठणठणीत वाजते. चाल करंगळीशेजारच्या बोटावर आहे, ते बोट हाताच्या बोटांतले सर्वांत परावलंबी. पंचम तर्जनी-मधल्या बोटावर, जी सर्वांत बळकट. म्हणजे हाताला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाजू दिले तर पंचम गर्जतो आणि ग-म-प त्याच्यामागे गुदमरतात. ती मुलगी नेमके हेच करत होती. सर्व स्वर बरोबर होते, म्हणून सात. हात स्वच्छ होता, म्हणून सहा. आणि कुठलाही स्वर दुसऱ्याला जागा देत नव्हता, म्हणून तीन. तिच्यात भावना नव्हत्या असे नाही. तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना कोणी वेगवेगळी वजने शिकवली नव्हती. ते काम पंधरा दिवसांचे होते. मी तिला अश्रू दिले.

यावर एक आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. सर्व वजने, सर्व जागा, सर्व रंग ज्यांच्या हुकमतीत आहेत असेही वादक आपल्याला कोरडे ठेवतात. मग तंत्राच्या पलीकडे काही उरतेच ना? गिटारच्या जगात या वादाची ठरलेली जोडी म्हणजे ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) आणि जॉन विल्यम्स. ब्रीम रंगांचे वादक: एकाच ओळीत तार घोडीशेजारी छेडून आवाज काचेसारखा करतील आणि लगेच पडद्यांवर सरकून लोण्यासारखा. बेंजामिन ब्रिटन यांनी १९६३ साली 'नॉक्टर्नल' लिहिली ती त्यांच्यासाठी, आणि ती रचना अशा रंगबदलांवाचून उभीच राहत नाही. विल्यम्स यांचा आवाज मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखा, हात निर्दोष, आणि म्हणून 'थंड' हे विशेषण त्यांना चिकटले. मीही बरीच वर्षे ते वापरत होतो. आता मला तसे वाटत नाही. त्यांचे बाख ऐकताना मला जाणवले, की तीन-तीन ओळी एकाच वेळी चालू असताना त्यातली एकही दुसरीवर पाय देत नाही, आणि हे प्रत्येक स्वराला वेगळे वजन दिल्याशिवाय होत नाही. ते सारखेपण निष्काळजीपणाचे नाही, मोठ्या काळजीचे आहे. थंडपणा असलाच तर तो निर्णयाचा आहे, उणिवेचा नाही. आवडनिवड आपापली. 'नॉक्टर्नल' मी आजही ब्रीम यांचीच ऐकतो.

मात्र जे वादक खरोखर कोरडे असतात, त्यांच्यात काय नसते? माझे मत असे, की त्यांच्यात ऐकणे नसते. बोटे ठरलेले वजन देतात, पण आजच्या खोलीत, आजच्या हवेत, आजच्या तारांवर ते वजन कसे निघाले हे कान परत सांगत नाहीत. मिरजेच्या त्या कारागिराची कानस दर वेळी जवळजवळ तितकीच फिरत होती. काम चालले होते ते दोन फिरवण्यांच्या मध्ये, तो नुसता ऐकत बसला होता तेव्हा. याला कोणी भाव म्हणेल तर माझी हरकत नाही. पण मग त्याचा सराव करता येतो, तो शिकवता येतो, आणि तो कोणाजवळ जन्मतः नाही असे कागदावर लिहून देता येत नाही.

पाचगणी आणि संगीत म्हटले की लोक फ्रेडी मर्क्युरीचे नाव घेतात. फारूख बलसारा हा इथल्या सेंट पीटर्समध्ये शिकला आणि १९५८ साली मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागला, हे खरे आहे आणि पर्यटकांना ते सांगायला छान आहे. प्रतिभा कुठेही उगवते, तिच्यावर लेख लिहिणे सोपे. मला प्रश्न पडतो तो त्या शाळांमधून दर वर्षी बावीस गुणांचे कागद घेऊन घरी जाणाऱ्या बाकीच्या मुलांचा. त्यांच्यापैकी किती जणांनी तिसऱ्या रकान्यातला आकडा स्वतःविषयीचे सत्य म्हणून वाचला असेल?

त्या मुलीचा पत्ता मी शोधला नाही. तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ जे होते ते एवढेच, की तुझा पंचम मोठा होता. इतक्या वर्षांनी हे कोण कोणाला कळवतो?

नवे शिक्षक येण्यापूर्वीच्या शेवटच्या सहामाहीत एका मुलाला 'लाग्रिमा' लागली होती. मी त्याला नावाचा अर्थ सांगितला नाही. पहिला आठवडा फक्त वरची चाल, ग-म-प, एका बोटाने. दुसरा आठवडा फक्त खालचा सा-रे-ग, अंगठ्याने. "सर, बोअर होतंय," तो म्हणाला, आणि ते रास्तच होते. तिसऱ्या आठवड्यात पंचम आला. मी प्रार्थनेचा तंबोरा त्याच्या शेजारी ठेवला आणि एका मुलीला तो छेडत बसायला सांगितले, गिटारशी स्वर जुळवून. दोन्ही वाद्यांत पंचम होता. तो वाजवू लागला, चार मात्रांनी थांबला, कपाळाला आठी घातली.

"सर, माझा जास्त होतोय," तो म्हणाला, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.